अर्ध्यावर सोडलेलं मंगलाष्टक

मंगलाष्टकं म्हणताना मी डोळे मिटते. ही गोष्ट आता न्यायालयाच्या दप्तरात नोंदली गेली आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही. डोळे मिटते, डावा हात छातीशी नेते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मान अशी काही वरखाली करते, की आमचे यजमान त्याला 'हातपंप' म्हणतात. हा हातपंप पुसदच्या न्यायालयात भर दुपारी पडद्यावर दाखवण्यात आला. आवाज बंद ठेवून. कलावंताचा याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

मी पोस्टात खिडकीवर बसते. रजिस्टर, मनिऑर्डर, बचत खाती हे सगळं पोटापुरतं. माझं खरं कार्य लग्नसराईत सुरू होतं. पुसद, महागाव, उमरखेड, कधी दारव्ह्यापर्यंत लोक मला मंगलाष्टकं म्हणायला बोलावतात. नुसती म्हणायला नाही, रचायला. दोन्हीकडची नावं येतात आणि पणजोबांपासून आत्याच्या यजमानांपर्यंत सगळ्यांना मला वृत्तात बसवायचं असतं. जो बसत नाही त्याला मी गाळते, आणि तो माणूस जेवताना माझ्याकडे पाठ करून बसतो. मोबदला नारळ, ब्लाऊजपीस आणि जेवण. ब्लाऊजपिसांनी आमचं एक कपाट भरलं आहे. यजमान म्हणतात, दुष्काळ पडला तर आपण कापड खाऊ.

माझ्याइतक्याच लग्नांना हजर असणारी आणखी एक व्यक्ती त्या काळात पुसदला होती. ती दहा-अकरा वर्षांची मुलगी होती आणि बसस्थानकावर राहायची. राहायची म्हणजे शेवटच्या फलाटाच्या पलीकडे, बंद पडलेल्या रसवंतीच्या मागे, तिच्यासारख्याच दोनतीन पोरांबरोबर. दिवसभर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायची. आई वीटभट्टीवर गेली ती आलीच नाही, एवढं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही एखादी एसटी चुकली हे सांगावं तितक्याच सहज. लग्नासाठी तिचा वेगळा फ्रॉक होता. गुलाबी, टिकल्या लावलेला, कोणीतरी दिलेला. तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्थानकावरच्या पानवाल्याकडे ठेवायची. तिथी असली की नळावर केस ओले करून, फ्रॉक चढवून कार्यालयात हजर.

परक्या पोराला कार्यालयातून हाकलायचं तर एकच प्रश्न विचारतात: कोणाकडची? तिने त्यावर जो तोडगा काढला होता तो इतकी वर्षं लग्नात मिरवूनही मला सुचला नसता. आत शिरली की ती अक्षतांचं ताट हातात घ्यायची. कोणाच्या तरी हातात ते असतंच, आणि ज्याच्या हातात असतं त्याला ते दुसऱ्याला देऊन टाकायची घाई असते. एकदा ताट हातात आलं की मुलगी घरची झाली. वधूकडच्यांना वाटायचं वराकडची, वराकडच्यांना वाटायचं वधूकडची. चिमूट-चिमूट अक्षता ती इतक्या अदबीने वाटायची, की म्हातारी माणसं तिच्या डोक्यावर हात ठेवत. लग्न लागलं की ताट जागेवर ठेवायचं आणि पंगतीत बसायचं. पोटभर जेवायचं, बाकीच्या पोरांसाठी थोडं पदरात, म्हणजे फ्रॉकच्या घेरात घ्यायचं आणि निघायचं.

तिची-माझी ओळख माझ्या गर्वहरणाने झाली. एका लग्नात मी जेवायला बसले होते, वाढणारे माझं कौतुक करत होते आणि मी ते नको-नको म्हणत घेत होते. शेजारच्या पानावरून आवाज आला, "मावशी, तुम्ही मागच्या लग्नातलंच म्हनलं. फक्त नाव बदललं." मी तिच्याकडे पाहिलं. तिने मठ्ठा पिऊन टाकला आणि पुढे सांगितलं, की चौथ्या कडव्यात मी नवरदेवाला प्रत्येक वेळी चंद्रच म्हणते, एखाद्या वेळी दुसरं काही म्हणावं. त्या दिवसापासून मी नवीन कडवी रचू लागले. भीतीने. कोणत्याही संमेलनात मला एवढा जागरूक श्रोता मिळालेला नाही.

ज्या लग्नाविषयी सांगते आहे ते मे महिन्यातलं. वर महागावचा, वधू बोरी अरबची. या लग्नासाठी मी एक ओळ रचली होती, आणि ती अजूनही मला माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी गोष्ट वाटते:

बोरीची दुहिता सुशील सजली, आली महागावला

वाचून बघा. शार्दूलविक्रीडितात महागाव! मी जन्मभर गावं वृत्तात कोंबत आले, दिग्रस तर नेहमी अंग चोरून बसतं. पण महागाव त्या जागेवर असं जाऊन बसलं जणू गाव वसवतानाच कोणी वृत्त विचारात घेतलं होतं. आठवडाभर मी ती ओळ खिडकीवर गुणगुणत होते. एका म्हाताऱ्या खातेदाराने विचारलं, की बाई, पैसे देताय की गाताय.

मुहूर्त दुपारचा. सभागृह तापलेलं, कूलर घोंघावत होते, दाराबाहेर बँडवाले वाद्यं सरसावून उभे होते. आमच्याकडच्या बँडवाल्यांची एक पद्धत आहे. त्यांना आतलं काही दिसत नाही, घड्याळ ते बघत नाहीत. ते मंगलाष्टकांकडे कान लावून असतात. मंगलाष्टकं थांबली की लग्न लागलं, आणि लगेच बँड. ही पद्धत नीट लक्षात ठेवा, माझ्या आयुष्याची माती तिनेच केली.

मी व्यासपीठावर डाव्या कोपऱ्यात, समोर अंतरपाट. उजवीकडे एक दार मागच्या अंगणात उघडत होतं, तिथे भट्ट्या पेटल्या होत्या आणि आचारी जिलब्या तळत होते. डोळे मिटून मी त्या ओळीवर आले. 'बोरीची दुहिता सुशील सजली...' इथे छोटा विराम. मग 'आली महा—' आणि ताट पडल्याचा आवाज.

मी तिथेच थांबले, डोळे उघडले. दाराच्या पलीकडे कार्यालयाच्या व्यवस्थापकाने त्या मुलीचं मनगट धरलं होतं. खाली ताट, फरशीभर लाल-पिवळ्या अक्षता. तो माणूस बरेच दिवस तिच्या मागावर होता, हे मला नंतर कळलं. तिला अद्दल घडवीन असं तो आचाऱ्यांसमोर म्हणत असे. दुसऱ्या हाताने त्याने कढईतला झारा उचलला आणि तिच्या हातावर मारून तसाच दाबून धरला.

माइक भटजींच्या हातात कोंबला, शालू वर धरला आणि व्यासपीठावरून उडी मारली. उडी हा शब्द यजमानांना मान्य नाही. ते म्हणतात, मी पडले, पण दिशा बरोबर होती.

इकडे मंगलाष्टक थांबल्याबरोबर बँड सुरू झाला. बँड सुरू झाल्याबरोबर लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकल्या. अक्षता पडल्याबरोबर अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो सोडला, कारण अक्षतांखाली अंतरपाट धरून कोण उभं राहतं? समोर नवरी दिसल्यावर नवरदेवाने हार घातला. बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मुहूर्ताला अजून अवकाश होता. भटजी माइक हातात घेऊन थांबा-थांबा म्हणत होते, पण त्यांचा आवाज बँडमध्ये कोणाला ऐकू जाणार? आणि त्याच बँडमध्ये, त्या फटाक्यांत, पलीकडे एक मूल ओरडत होतं ते चारदोन आचाऱ्यांशिवाय कोणालाही ऐकू आलं नाही.

मी पोचले तोवर त्याने तिला सोडलं होतं. पिण्याच्या पाण्याचा मोठा थंड जार तिथे होता, तो मी तिच्या हातावर उपडा केला. व्यवस्थापक मला म्हणाला, की चांदीचं ताट घेऊन पळत होती, पळताना भट्टीवर पडली. मी काही बाणेदार उत्तर दिलं असतं तर इथे नक्की लिहिलं असतं. मी नुसती जार उपडा धरून उभी राहिले. मी, जी शोकसभेतही वेळ संपल्याची चिठ्ठी आल्याशिवाय थांबत नाही.

यजमानांनी स्कूटर काढली. मध्ये मुलगी, मागे मी. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात धुऊन बघितला तेव्हा कोपराच्या खाली झाऱ्याच्या भोकांचा ठसा उमटलेला दिसला, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. पोलीस आले. तिला विचारायला लागले. तिने हाताविषयी काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "मी ताट चोरलं नाही. हे पहिले लिहा."

त्यांनी हाताचं लिहून घेतलं. ताटाचं तिने पुन्हा विचारलं. हवालदार म्हणाले, की तो माणूस चोरी म्हणतोय, आता न्यायालय ठरवेल. मग तिने माझ्याकडे बघितलं, जणू न्यायालय माझ्या खिडकीवर भरतं.

तिला बालकल्याण समितीसमोर नेऊन यवतमाळच्या बालगृहात ठेवलं गेलं आणि खटला उभा राहायला पुढे पुष्कळ वेळ गेला. मात्र पुसदमध्ये माझ्यावरचा खटला दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. मुहूर्ताआधी लग्न लागलं! गावात जो भेटेल तो मला याविषयीच विचारी. मुलीचा हात कसा आहे असं विचारणारे दोघे, त्यातले एक आमचे यजमान. सर्वांत जास्त भडकल्या होत्या त्या वरमाई, नवरदेवाच्या आई, महागावच्या. उंच, धिप्पाड, नऊवारीतल्या. त्या मुद्दाम एसटीने पुसदला माझ्या खिडकीपर्यंत आल्या. मागे रांग उभी असताना त्यांनी मला शांतपणे सुनावलं. एकुलता एक मुलगा, पंचांग पाहून काढलेला मुहूर्त, आणि मी मध्येच उडी टाकली. आणि वर आणखी एक तक्रार.

"बोरीचं नाव पुरं घेतलं तुम्ही. आमचं अर्धं गावच राह्यलं."

त्यानंतर मला लग्नाची बोलावणी बंद झाली. कपाटात ब्लाऊजपिसांची आवक थांबली. लोक आता रेकॉर्ड लावू लागले; रेकॉर्ड उडी मारत नाही.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार कोण-कोण उरले, तर मुलगी, डॉक्टर आणि मी. आचारी त्याच कार्यालयात काम करणारे, त्यांनी काही बघितलं नव्हतं. वऱ्हाडी म्हणाले, आम्ही अक्षता टाकत होतो. शेकडो माणसं आणि सगळ्यांची नजर नवरा-नवरीवर. सरकारी वकील एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला बजावलं, की विचारलं तेवढंच बोला, हातवारे करू नका आणि कोणाचीही नक्कल करू नका. मी म्हटलं, व्यवस्थापक कसा बोलला ते दाखवावं लागेल ना? त्या म्हणाल्या, सांगावं लागेल, दाखवायचं नाही.

घरी आम्ही तालीम केली. यजमान समोरचे वकील झाले, डायनिंग टेबल कठडा झालं. ते मला विचारायचे, त्या वेळी आपण कुठे होता? मी सुरू करायचे: वैशाखाचं ऊन असं काही तापलं होतं, की... यजमान टेबलावर चमचा आपटायचे. पुन्हा. व्यासपीठावर होते, एवढं म्हण. मी म्हणायचे, व्यासपीठावर होते. आणि मग त्या वाक्याचा एकटेपणा मला सहन व्हायचा नाही, मी त्याला एखादं विशेषण द्यायचे. चमचा. त्या महिन्यात आमच्या चमच्याला पोचे आले.

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीची सुती साडी नेसून गेले, खोपा साधा. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना मी इतकी सरळ उत्तरं दिली की मागे बसलेल्या यजमानांनी चष्मा पुसला. मग समोरचे वकील उठले. वयस्कर, गोड बोलणारे, दर वाक्याला मला मॅडम म्हणणारे. त्यांनी आधी लग्नाचा व्हिडिओ लावायची परवानगी घेतली. आवाज नको म्हणाले, फक्त चित्र. पडद्यावर मी. डोळे मिटलेली, हात छातीशी, हातपंप सुरू. न्यायालयात सगळे गंभीर बसलेले असतात, म्हणून तिथे हसू आवरणं किती कठीण असतं ते मी समोर चेहरे बघून शिकले.

"मॅडम, गाताना तुम्ही डोळे मिटता?"

"भाव आला की मिटतात," मी म्हटलं.

"त्या दिवशी भाव आला होता?"

इथे नाही म्हणायचं होतं. किंवा आठवत नाही. मी म्हटलं, "चांगलाच आला होता."

व्हिडिओत माझी उडीही नव्हती, कारण कॅमेरावाल्याने बँड वाजल्याबरोबर नवरा-नवरीकडे कॅमेरा वळवला होता. म्हणजे पडद्यावर पुरावा एवढाच, की बाई डोळे मिटून उभी आहे. मी सांगितलं, ताट पडल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. वकिलांनी विचारलं, मुलीच्या हातात ताट कोणी दिलं ते पाहिलंत? नाही पाहिलं. का? डोळे मिटले होते. मग त्यांनी फार मऊपणे विचारलं, की जेवणाला अवकाश असताना ही मुलगी चांदीचं ताट घेऊन मागच्या दाराशी कशासाठी गेली होती, याची काही कल्पना आहे का.

मला कल्पना होती. मी ती तेव्हापासून मनात जपली होती. त्या दारातून व्यासपीठाचा कोपरा सरळ दिसतो.

"ती माझं गाणं ऐकायला उभी होती," मी म्हटलं.

वकिलांनी मान झुकवली, जणू मी त्यांना काही भेट दिली.

पुढच्या तारखेला मुलीची साक्ष झाली. मी आत नव्हते, सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं. आरोपी तिला दिसू नये म्हणून आडोसा लावला होता, न्यायाधीशांनी आधी खरं-खोटं म्हणजे काय ते विचारलं, तिने नीट सांगितलं. मग समोरच्या वकिलांनी विचारलं, दाराशी का गेली होतीस? ती म्हणाली, तिथं कूलरची हवा लागत होती. गाणं ऐकायला नाही? ती म्हणाली, "नाही. ते त मले पाठ आहे."

सरकारी वकील माझ्यावर चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, मुलगी खरं बोलली, तुम्ही अंदाज सांगितलात, आणि आता समोरचे म्हणतील, दोघींची गोष्ट जुळत नाही, एक तर खोटी आहे. ताट चोरायचं नसेल तर दाराकडे कशाला? मी घरी आले आणि जेवले नाही. यजमानांनी चमचा कपाटात ठेवून दिला. त्या मुलीला एकच गोष्ट हवी होती, ताट चोरलं नाही हे कोणीतरी लिहावं. आणि ते मी माझ्या गाण्याच्या कौतुकात बुडवून ठेवलं होतं.

बचाव पक्षाने शेवटी एकच साक्षीदार बोलावला: वरमाई. दोन कामांसाठी. एक, मी किती भरवशाची नाही ते सांगायला. दोन, ताट त्यांचं आहे आणि चांदीचं आहे ते ओळखायला. ताट त्याच संध्याकाळी व्यवस्थापकाने त्यांना पोचवलं होतं, खाली पडलं होतं असं सांगून. वकिलांनी त्यांची आधी भेट घेतली होती, पण वरमाईंनी मुहूर्ताचं असं काही लावून धरलं, की बाकी काही विचारायची त्यांची हिंमत झाली नसावी.

त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. वरमाई कठड्यात उभ्या राहिल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. मुहूर्त, पंचांग, एकुलता मुलगा, बँड, अर्धं गाव. न्यायाधीशांनी हनुवटी तळहातावर टेकवली. वकील मधून-मधून मान डोलवत होते. मग त्यांनी फोटो पुढे केला.

"हे ताट तुमचं?"

"माह्यंच. माह्या आईनं देल्लं."

"चांदीचं?"

"मंग काय पत्र्याचं?"

वकील बसायला वळले. वरमाई फोटोकडे बघतच होत्या.

"हेच ताट होय का ते?" त्या म्हणाल्या. "हे त मीच देल्लं होतं त्या पोट्टीच्या हाती."

वकील म्हणाले, तेवढं मी विचारलेलं नाही. न्यायाधीशांनी हनुवटीखालचा हात काढला आणि म्हणाले, की मी विचारतो. कशासाठी दिलं होतं?

"अक्षता वाटाले. लग्नात ताट कायले देतेत, साहेब? माह्या पोरी साऱ्या मोबाईलात होत्या. ही चांगली वाटून राह्यली होती, सगळ्याले बरोबर चिमूट-चिमूट. मले वाटलं बोरीवाल्याइची असन. गरमीनं लाल झालती, म्हनून मीच म्हनलं, जाय, कूलरपाशी उभी राह्य जरा."

टंकलेखकाने ते शब्दन् शब्द टिपून घेतलं. न्यायाधीशांनी विचारलं, हे पोलिसांना का नाही सांगितलं?

"मले कोनी इचारलं? जो तो मुहूर्ताचंच इचारे. आन मलेही त्याचंच सांगाचं होतं." मग आरोपीकडे बोट न दाखवता, फक्त मान वळवून म्हणाल्या, "बाई गाता-गाता थांबली म्हनून मी पाह्यलं तिकडं. ह्यानं हात धरला तिचा न झारा हानला. दाबून धरला."

"पाहूनही तुम्ही काही केलं नाही?"

वरमाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"मंग मले वाटलं, त्याचीच पोट्टी असन."

मी न्यायालयातली बरीच नाटकं घरी करून दाखवायची ठरवली होती. त्या एका वाक्यानंतर मला कोणाचीच नक्कल करावीशी वाटली नाही.

बाहेर व्हरांड्यात वरमाईंनी मला गाठलं. मी हात जोडले. त्यांनी ते खाली करायला लावले.

"तुमच्यासाठी नाही बोलली मी," त्या म्हणाल्या. "माह्या आईच्या ताटावर चोरीचा डाग नको. तुमचं काही माफ नाही झालं."

निकाल लागला. तो माणूस दोषी ठरला, कैद आणि दंड झाला. त्याने वर अपील केलं आहे, तोवर जामिनावर आहे. कार्यालय चालू आहे, लग्नं लागतात. व्यवस्थापक दुसरा आहे. झारे तेच असावेत. हे सगळं मी आनंदाने सांगत नाही, पण जे आहे ते आहे.

रविवारी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. बालगृहाच्या व्हरांड्यात ती आली, केसांना तेल, दोन वेण्या, चांगली उंच झालेली. हातावर ठिपके आहेत, ते राहणार. मी पोत्यावर बसले, पदर सारखा केला आणि सुरुवात केली: न्यायालय खचाखच भरलेलं, सगळ्यांचे श्वास रोखलेले...

"मावशी, नाटक नको," ती म्हणाली. "ताटाचं सांगा."

यजमान नसलेला चमचा शोधल्यासारखे इकडे-तिकडे बघू लागले. मी हात मांडीवर ठेवले.

"न्यायाधीशांनी लिहिलं आहे, की ताट तुला देण्यात आलं होतं. तू ते चोरलं नाहीस."

"अक्षता वाटाले."

"हो. अक्षता वाटायला, असं लिहिलं आहे."

"त्याच्यासमोर वाचलं?"

"त्याच्यासमोर वाचलं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, एकही विशेषण न लावता. तिने ते शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले, जसं ती माझी कडवी म्हणून बघत असणार. मग तिथली चौकशी झाली. जेवण वेळेवर मिळतं, शाळा आहे, जिलबी नसते. आम्ही नेलेली तिने मोजून सगळ्या मुलींना वाटली, चिमूट-चिमूट म्हणावं तशीच, आणि स्वतः शेवटी खाल्ली. हात चाटत विचारलं, ते लग्न मग लागलं का? मी म्हटलं, लागलं, आता त्यांना मुलगा आहे, मुहूर्ताचं त्याला काही वाटत नाही.

निघताना तिने माझा पदर धरला.

"ते अर्धं राह्यलं होतं ना तुमचं. म्हना."

व्हरांड्यात दहा-बारा मुली गोळा झाल्या होत्या. मी उभी राहिले. डोळे उघडेच ठेवले, हे मुद्दाम सांगते. इतक्या दिवसांनी मला श्रोते मिळाले होते आणि ओळ माझी आयुष्यातली सर्वांत चांगली होती. खालच्या सुरात धरली, विराम घेतला, आणि अर्धं राहिलेलं गाव अखेर पुरं केलं: आली महागावला.

तिने विचार केला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मंग बरं झालं थांबल्या तुम्ही."